रुखमाला विचारावे

मी, सेवकराम कवडूजी निपाने, वय सत्तेचाळीस, धर्म ख्रिस्ती, धंदा कोशाचे कापड विणणे, राहणार पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पुढे करीन असे वाटत नाही.

कोणाच्याही दडपणाशिवाय, असेही लिहायची पद्धत आहे. पण खोटे कशाला लिहू? दडपण आहे आणि ते संध्याकाळच्या एस.टी.चे आहे. माझे थोरले बंधू टिकाराम आज सकाळी दिघोरीला गेले आहेत. माझी मुलगी रुखमा हिच्या लग्नाची बोलणी पक्की करून ते संध्याकाळी परततील. त्याच्या आत हा कागद पुरा होऊन त्यावर सह्या झाल्या पाहिजेत. म्हणून अक्षर जरा पळते आहे, ते वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

माझ्या गळ्यात गाठ आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी तिचे नाव सांगितले आणि मग इकडचे तिकडचे बोलू लागले, तेव्हाच मी काय ते समजलो. दिवाळीपासून आवाज गेला. आता मला सांगायचे ते पाटीवर लिहून सांगतो. आवाज गेला म्हणजे बुद्धी गेली असे आमच्या गल्लीत काही जणांना वाटते, ते माझ्याशी मोठ्याने बोलतात. कान आणि डोके दोन्ही शाबूत आहेत. रोज पट्टी बदलायला येणाऱ्या नर्स सुशीलाबाई याला साक्ष देतील.

कलम १. माझी पत्नी चंद्रभागा वारली. तिच्या पोटची एकच मुलगी, रुखमा. तिला सतरावे लागले आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी आमच्या शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, एखादे नाव ठेवा म्हणून सुचवले होते, पण चंद्रभागेने आपल्या आजीचेच नाव ठेवले आणि वर म्हणाली, "देवाले काय, रुखमा म्हटलं तं समजत नाही का?" पाळकसाहेब हसले, आणि नाव राहिले. माझी एकमेव वारस तीच.

कलम २. गावाच्या जुन्या कोटाच्या बाजूची माझ्या वाट्याची घराची अर्धी बाजू, म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि मागाची पडवी, ही रुखमाची. माझी थोरली बहीण शकुनबाई हिने हयात असेपर्यंत तिथे राहावे, तिला कोणी ऊठ म्हणू नये. मधल्या दारातून टिकारामच्या अर्ध्या भागात जाता येते. ते दार बुजवू नये. भांडण झाले तरी बुजवू नये. आम्ही दोघे भाऊ त्याच दारातून एकमेकांकडे जेवत आलो.

कलम ३. माग, त्याचे धोटे, फण्या, कांड्या भरायचा रहाट आणि पेटीत ठेवलेला कोसा, सर्व रुखमाचे. लग्नाच्या खर्चासाठी यातले काहीही विकू नये. ती माझ्यापेक्षा घट्ट विणते. मी हे तिला कधी सांगितले नव्हते, आता कागदावर सांगतो. आमच्या हातचे सोवळे नेसून या गावातली माणसे पूजेला बसतात आणि आम्ही ख्रिस्ती आहोत याची आठवण त्यांना फक्त पाणी प्यायच्या वेळी होते. तरी कापड घेतात, हेही नसे थोडके. पोस्टाच्या बचतीत जे काही उरेल तेही तिचेच.

कलम ४. माझी सायकल, गरम कोट आणि शास्त्राचे माझे पुस्तक टिकारामला द्यावे. तो माझा भाऊ आहे आणि या कागदात त्याच्याविरुद्ध जे येणार आहे ते वाचण्याआधी वाचणाऱ्याने हे वाचावे. मला खाटेवरून उचलून खाली बसवतो तो टिकाराम. माझी घाण धुतो तो टिकाराम. माझ्या घशाखाली पेज उतरावी म्हणून चमचा धरून तासन् तास बसतो तोही टिकारामच. लहानपणी तापात मी तळमळलो तेव्हा आईने नाही, त्यानेच मला पाठीवर घेऊन नदीकाठापर्यंत हिंडवले. मला या जगात त्याच्याइतके कोणी जपलेले नाही. आणि माझ्या मुलीला मी त्याच्याच हातून वाचवू पाहतो आहे. हे लिहिताना मला लाज वाटते आणि भीतीही वाटते. पण लिहितो.

कलम ५. गोष्ट समजावी म्हणून थोडे मागचे सांगणे भाग आहे.

आमचे वडील कवडूजी पूर्वी मातेचा कौल लावत. पाषाणाला कुंकवाचे बोट ओढून त्यावर तांदळाचे दोन दाणे चिकटवायचे. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. शकुनबाईचे लग्न याच कौलावर अड्याळला ठरले. नवरा दारू प्यायचा हे सगळ्या अड्याळला ठाऊक होते, फक्त दाण्याला ठाऊक नव्हते. तो लवकरच मेला आणि शकुनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली.

त्यानंतर वडिलांना विषमज्वर झाला. मिशनच्या दवाखान्याने त्यांना वाचवले आणि आम्ही ख्रिस्ती झालो. फक्त शकुनबाईने बाप्तिस्मा घेतला नाही. वडिलांनी फार समजावले. ती म्हणाली, "तुमच्या देवीनं मले फसवलं. आता तुमच्या दुसऱ्या देवाले कायले इचारू?" आजतागायत ती आपल्या तुळशीला पाणी घालते आणि आमच्या प्रार्थनेच्या वेळी दारात बसून डाळ निवडते.

बाप्तिस्म्याने आमचा पाषाण सुटला, कौल सुटला नाही. वडिलांची जागा टिकारामने घेतली. तो डोळे मिटतो, मनापासून प्रार्थना करतो, शास्त्र उघडतो आणि पानावर बोट टेकवतो. बोटाखाली येईल ती ओळ म्हणजे देवाचे उत्तर. आमच्या ख्रिस्ती मंडळीत याला बोट ठेवणे म्हणतात. बैल घ्यावा का, विहीर कुठे खोदावी, पोराला शाळेतून काढावे का, सगळ्याला बोट. पाळकसाहेब दूर राहतात, महिन्यातून एखादे वेळी येतात, त्यांना हे कोणी सांगत नाही. टिकाराम याबद्दल कोणाच्या घरचा चहासुद्धा घेत नाही. तो लबाड असता तर मला सोपे गेले असते. लबाड माणसाशी भांडता येते.

कलम ६. चंद्रभागेच्या पोटात दुखू लागले तेव्हा मी नागपूरला व्यापाऱ्याकडे कापड द्यायला गेलो होतो. ताप चढला. शेजारचा श्रावण बैलगाडी जुंपून दारात उभा राहिला, भंडाऱ्याला नेऊ म्हणाला. टिकारामने बोट ठेवले. ओळ आली ती शांत उभे राहून देव काय करतो ते पाहत राहण्याची. म्हणून गाडीचे बैल सोडले. मंडळीतल्या बायका तिच्या भोवती बसून गाणी म्हणत राहिल्या. मी परतलो तेव्हा ती मला ओळखत नव्हती. तशीच तिला भंडाऱ्याला नेली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि मला म्हणाले, काल का आणली नाही?

पुढे मी ते पान काढून बसलो. ती ओळ कोणाला सांगितलेली आहे? पुढे समुद्र आणि मागे फौज, अशा मध्ये सापडलेल्या माणसांना. आणि तिथून जरा खाली उतरले की देवच म्हणतो आहे की माझ्यापाशी ओरडत काय बसलात, लोकांना पुढे चालायला सांगा. पुढे चालायला! एका ओळीवर बोट थांबले आणि माझी बायको गेली. खालची ओळ कोणी वाचलीच नाही.

मी ते टिकारामला दाखवले. त्याने ती खालची ओळही वाचली. मग म्हणाला, "सेवक, बोट जिथं थांबलं तिथंच देव आपल्याशी बोलला. खालचं त्यायच्यासाठी होतं, आपल्यासाठी नाही." एवढे बोलून तो मधल्या दारातून गेला आणि त्या दिवशी जेवला नाही. मी त्याला त्या गोष्टीची क्षमा केली आहे, असे मंडळीत उभे राहून सांगितलेही आहे. इथे मरणाच्या दारात खरे लिहितो. केलेली नाही. रोज प्रयत्न करतो.

कलम ७. आता मुख्य गोष्ट. दिघोरीचे भैय्यालाल हे ख्रिस्ती गृहस्थ, धानाच्या गिरणीत मुकादम आहेत. पहिली बायको वारली, मूलबाळ नाही. वय रुखमाच्या दुप्पट. त्यांच्याकडून मागणी आली तेव्हा टिकारामने माझ्या खाटेपाशी बसून बोट ठेवले. पुस्तक उघडले ते रिबका नावाच्या मुलीच्या सोयरिकीच्या गोष्टीवर, आणि बोट आले मुलीच्या घरची माणसे म्हणतात त्या ठिकाणी, की मुलगी ही तुमच्यासमोर आहे, तिला घेऊन जा. टिकारामच्या डोळ्यांत पाणी आले. "आता याच्याहून साफ देव काय बोलन?" म्हणाला.

माझे पुस्तक तिथेच उघडते. आमच्याकडे प्रत्येक लग्नात तेच पान वाचतात, त्यामुळे त्याची शिवण तिथे सैल झाली आहे. घडी घातलेले लुगडे जुन्या घडीवरच उलगडते, तसे. हे मी पाटीवर लिहिले. टिकाराम म्हणाला, शिवण सैल करणाराही देवच.

रुखमा त्याच खोलीत रहाटावर कांड्या भरत होती. तिच्याकडे कोणी पाहिले नाही. रहाट थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

त्या गोष्टीतही खालचे कोणी वाचले नाही. मुलीचा भाऊ आणि आई मागून म्हणतात की मुलीला बोलावू आणि तिलाच विचारू. तिला बोलावतात. या माणसाबरोबर जातेस का, असे तिच्या तोंडावर विचारतात. ती आपल्या तोंडाने सांगते, मग तिला न्यायला आलेले उंट निघतात. हजारो वर्षांपूर्वीच्या मेंढपाळांना जे सुचले ते पवनीच्या मंडळीला सुचत नाही. माझ्यापाशी शास्त्राची म्हणून काही अक्कल असेल तर ती एवढीच आहे की ओळ उचलू नये, गोष्ट पुरती वाचावी, आणि माणसे त्यात काय करतात ते पाहावे.

भैय्यालाल यांच्याबद्दल मी वाईट लिहीत नाही. त्याच गोष्टीत धनी आपल्या मुलासाठी मुलगी पाहायला नोकराला धाडतो, आणि तो नोकर विहिरीपाशी उभा राहून पाहतो की ही फक्त मला पाणी देते की माझ्या उंटांनाही पाजते. सोयरीक पाहायची तर अशी पाहावी. मीही पाहिले. भैय्यालाल उन्हातून बैलगाडीने आले, शकुनबाईने तांब्या पुढे केला, तर तो ओट्यावर ठेवून त्यांनी आधी बैलांना पाणी दाखवले. माणूस चांगला आहे. माझ्या मुलीला तो मारणार नाही. पण जाईपर्यंत रुखमाशी तो एक शब्द बोलला नाही, आणि तिला काही विचारायचे असते हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. चांगल्या माणसाच्या घरीसुद्धा मुलगी पोत्यासारखी टाकून येऊ नये.

ते गेल्यावर मी पाटीवर लिहिले, तुला हे घर पसंत आहे का? तिने वाचले. पदराने पाटी स्वच्छ पुसली. मग म्हणाली, "बाबा, मले आजवर असं कोणी काई इचारलंच नाही. जरासा टाइम द्या." मी मान हलवली. वेळ तेवढा माझ्यापाशी नाही, हे तिला माहीत होते आणि मलाही.

कलम ८. भंडाऱ्याच्या वकिलांनी मला सांगितले की आमच्या धर्माच्या लग्नकायद्यात एकवीस वर्षांच्या आतील मुलीच्या लग्नाला बापाची संमती लागते, आणि बाप नसेल तर पालकाची. पालक बापाने मृत्युपत्रात नेमावा. नेमला नाही तर घरात जो मोठा तोच पालक म्हणून उभा राहील. म्हणजे टिकाराम. म्हणजे बोट.

म्हणून मी माझी बहीण शकुनबाई, राहणार मूळ अड्याळ, हिला माझी मुलगी रुखमा हिची एकमेव पालक आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी म्हणून नेमतो. शकुनबाईच्या लेखी संमतीवाचून रुखमाचे लग्न कोणी लावू नये. पाळकसाहेबांनाही ही विनंती आहे.

मंडळी म्हणेल, सेवकरामचे डोके फिरले, ख्रिस्ती मुलगी हिंदू बाईच्या हवाली केली. त्यांना माझे उत्तर असे. चंद्रभागा गेल्यावर रुखमाला कोणी सांभाळायचे यावरून या घरात तंटा झाला. टिकारामला मूल नाही. त्याची बायको गोदावरीवहिनी म्हणाली, पोर ख्रिस्ती घरात वाढली पाहिजे. शकुनबाई अड्याळच्या घराला कुलूप लावून पिशवी घेऊन आली होती, ती म्हणाली, माझ्या भावजयीची पोर मीच वाढवीन. मधल्या दारात दोघींनी पोरीचा एकेक हात धरला. रुखमा रडू लागली. तेव्हा शकुनबाईने हात सोडला. "ने माय," म्हणाली, "तिले रडवू नको फक्त." आणि चुलीपाशी जाऊन तोंड फिरवून बसली. संध्याकाळी पोर आपल्या पायांनी तिच्याकडे आली आणि तिच्याच मांडीवर झोपली.

शास्त्रात एका राजापुढे दोन बायका एका लेकरासाठी भांडत आल्या होत्या. लेकराचे दोन भाग करून वाटून देतो म्हणून राजाने तलवार मागवली. जिने लेकरू सोडून दिले तीच आई, हे त्या राजाने ओळखले. मी राजा नाही, पण दारात उभा होतो आणि मी पाहिले. शास्त्र वाचून मी पालक निवडली आहे. त्यात त्या राजाने बायकांचा धर्म विचारलेला नाही. गोदावरीवहिनीवर माझा राग नाही. तिने हात प्रेमानेच धरला होता, फक्त जोरात धरला होता.

कलम ९. मला आमच्या मंडळीच्या जागेत चंद्रभागेशेजारी पुरावे. पेटी साधी असावी. जेवणावळ घालू नये. कुठे पुरावे, किती वाजता पुरावे, यासाठी कोणी बोट ठेवू नये. शकुनबाईला माती टाकायची असेल तर तिला कोणी अडवू नये.

येथवर लिहून झाले होते. सुशीलाबाई पट्टी बदलत होत्या, श्रावणला बोलावणे पाठवले होते, तोच टिकाराम आला. दिघोरीहून तांदळाचा ट्रक मिळाला म्हणाला, म्हणून लवकर आला. कागद लपवायला मला वेळ मिळाला नाही. खरे म्हणजे लपवावासा वाटलाही नाही. त्याने तो उभ्यानेच मोठ्याने वाचायला घेतला, पडवीपर्यंत ऐकू जात होते. पुढे जे झाले तेही याच कागदात घालतो, कारण पुढचे कलम त्यावाचून समजणार नाही.

चंद्रभागेच्या कलमापाशी तो खाली बसला. सगळे वाचून झाल्यावर म्हणाला, "मी तुले रोज उचलतो, सेवक. अन् तू हे मनात घेऊन माह्या गळ्यात हात टाकत होता?"

मी पाटी ओढली, पण तो थांबला नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "हा कागद देवाले मंजूर आहे का, तेच पाहू." आणि त्याने शास्त्राकडे हात नेला. मी नको नको म्हणून हात हलवीत होतो. माझ्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

रुखमा पडवीतून आत आली. तिने पुस्तकावर हात ठेवला. म्हणाली, "मोठे बाबा, पुस्तक राहू द्या. बाबानं लिवलं आहे ते करा. मले इचारा."

टिकारामने टोपी काढली. साठीला आलेल्या माणसाने आजपर्यंत कोणत्याही मुलीला असे काही विचारले नसावे. मग म्हणाला, "बाई, दिघोरीचं घर आहे. मुकादम चांगला माणूस आहे. तुले जायाचं आहे का तिथं?"

ती त्याच्याकडे पाहत नव्हती. माझ्या खाटेखालच्या भांड्याकडे, सकाळी जाण्याआधी त्याने धुऊन पिळून ठेवलेल्या माझ्या धोतराकडे पाहत होती. म्हणाली, "जातो मी."

टिकारामने डोळे मिटून देवाचे आभार मानले. शकुनबाई दारात होती, तिच्या हातातले सूप तसेच राहिले. मी पाटीवर एकच शब्द लिहिला, का?

रुखमा माझ्याजवळ बसली आणि अगदी हळू म्हणाली, "तुमाले निवांत जाता यावं म्हणून. तुम्ही दोघं भाऊ असे भांडून राहिले, मले पाहवत नाही."

मी इतके दिवस एवढेच मागत होतो की तिला विचारा. विचारले. आणि तिने माझ्यासाठी स्वतःला देऊन टाकले. आता कोणाच्या तोंडाकडे पाहू? माझ्यापाशी आवाज नाही, दिवस नाहीत, आणि एक शहाणपण होते तेही अपुरे निघाले. त्या गोष्टीतल्या मुलीचा बाप मरायला टेकलेला नव्हता. तिच्यावर कोणाचे उपकार नव्हते. तिला नाही म्हणता येत होते, म्हणून तिच्या होकाराला किंमत होती. हे मला आजवर दिसले नव्हते. आता दिसले, आणि हात चालत नाही. तरी लिहितो.

कलम १०. माझ्या खाटेपाशी रुखमाने आज दिलेला होकार हा होकार समजू नये. तो रद्द आहे. तो तिने मला दिला, भैय्यालाल यांना दिला नाही.

मी गेल्यानंतर वर्षभर तिच्या लग्नाची गोष्ट कोणी काढू नये. वर्षानंतर शकुनबाईने तिला अड्याळच्या घरी न्यावे, आणि तिथे चुलते, चुलती, मंडळी कोणी नसताना विचारावे. तोवर तिने स्वतःच्या मागावर स्वतःचे कापड काढून विकलेले असावे, म्हणजे भाकरीसाठी तिला कोणाला हो म्हणावे लागणार नाही. भैय्यालाल तोवर थांबले आणि तिने हो म्हटले, तर माझे आशीर्वाद आहेत, लग्न त्यांच्याशीच लावावे. नाही म्हणाली तर कारण विचारू नये. गप्प राहिली तर ते नाहीच समजावे. आमच्या गावात मुलगी गप्प राहिली की लाजली म्हणतात आणि मांडव घालतात. ते या घरात होऊ नये.

दुसऱ्या कोणाचे नाव घेतले तर त्या माणसाने बैलांना आधी पाणी दाखवले का, एवढे पाहावे. लग्नच नको म्हणाली तर माग तिचा आहे.

आणि रुखमा, हे तुला. मी निवांत जाणार नाही, बाई. तू हो म्हटलेस तरी नाही आणि नाही म्हटलेस तरी नाही. बापाचा जीव असा जातच नाही. तेव्हा माझ्यासाठी काही करायला जाऊ नकोस. ते जमणारे नाही आणि मला नको आहे.

हे शेवटचे कलम टिकारामने वाचले. "पोरीनं हो म्हटलं, अन् तू तिचं हो खोडून राहिला," तो म्हणाला. "मले हे पटत नाही, सेवक. देवाच्या पुढं तुले याचं उत्तर द्यावं लागन." मी मान हलवली. द्यावे लागेल, हे खरे आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः पुन्हा वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तीही माझीच.

ठिकाण : पवनी
दिनांक : १४ मार्च १९८४

(सही) सेवकराम कवडूजी निपाने

साक्षीदार :

१. (सही) श्रावण, राहणार पवनी, शेजारी, धंदा विणकाम. माझ्यासमोर सही झाली.

२. (सही) सुशीलाबाई, नर्स, राहणार पवनी. लिहून देणार शुद्धीवर होते. माझ्यासमोर सही झाली. एक गोष्ट नमूद करते. सही करताना लिहून देणारांचा हात फार कापत होता व लेखणी कागदावर टेकत नव्हती. तेव्हा त्यांचे थोरले बंधू टिकाराम यांनी त्यांना पाठीमागून धरून बसते केले आणि सही पुरी होईपर्यंत त्यांचे मनगट धरून ठेवले. लेखणी लिहून देणारांनीच चालवली. टिकाराम रडत होते, पण त्यांनी हात हलू दिला नाही.